टाकीत दुसरं कुणी

उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात एक खोली अशी आहे, जिथं बारा महिने चोवीस तास वीस अंश तापमान असतं. तिला सगळे स्टँडर्ड रूम म्हणतात. फाउंड्रीत ओतलेले भाग मशीनवर कापून-घासून झाले की मापायला तिथं येतात. लोखंड उन्हानं वाढतं, थंडीनं आकसतं, म्हणून माप वीस अंशांवरच घ्यायचं असतं. त्या खोलीत मी एकवीस वर्षं काम करते आहे. एप्रिलमध्ये बाहेर माणसं डोक्यावर तांब्यानं पाणी ओतून घेत असतात आणि मी स्वेटर घालून बसलेली असते. दार दुहेरी आहे. कामगारांनी आत यायचं नाही, कारण त्यांच्या कपड्यांवरची वाळू आणि अंगाची ऊब दोन्ही मापाला चालत नाहीत. भिंतीला एक सरकती खिडकी आहे. तिथून वस्तू आत येते आणि मी कागद बाहेर देते. पास किंवा रिजेक्ट. काही दिवस असे जायचे की या दोन शब्दांपलीकडे माझ्या तोंडून काही निघायचंच नाही.

मी मूळची निपाणीजवळच्या खेड्यातली. आमचं जैन शेतकऱ्यांचं घर, तंबाखूचं पीक. डिप्लोमा करून नोकरीसाठी बेळगावात आले ती इथलीच झाले. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं आणि मग कुणी विषय काढला नाही. वडील गेल्यावर आईला टिळकवाडीत माझ्या भाड्याच्या घरी आणलं. ती चौदा वर्षं माझ्याजवळ होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा तिचा नेम. मी साडेपाचला सुटून घरी पोचेपर्यंत ती गॅलरीत उभी राहून उजेड बघायची, आणि मी फाटकातून शिरले की आत जाऊन ताटं घ्यायची. एका डिसेंबरात ती गेली. मी अजूनही दिवस मावळायच्या आत जेवते, पण ओट्यापाशी उभ्यानंच. एकटीसाठी ताट मांडून बसायचं मला जमलं नाही.

त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये मालक स्वतः हातात बादली घेऊन स्टँडर्ड रूमच्या दारात आले. मालक बादली घेऊन आलेले मी कधी पाहिले नव्हते.

"मॅडम, जरा बघा ह्याच्याकडं," ते म्हणाले. "सूनबाईंनी हौसेनं जोडी आणली होती. उन्हाळ्यात एक मेलं. ह्याला थंड पाणी लागतंय म्हणे. आपल्याकडं थंड काय ते तुमचीच खोली. दोन महिने ठेवा."

बादलीत वीतभर लांबीचा एक पांढरा प्राणी तळाशी बसला होता. चार पाय, पायांना बारीक बोटं, चपटं शेपूट, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तांबड्या पिसांसारखे कल्ले. तोंड असं रुंद, की हसतो आहे असं वाटावं. त्याला ॲक्सोलॉटल म्हणतात हे मला दुपारी मोबाईलवर कळलं. बेडकाच्या जातकुळीतला जीव, पण हा कधी जमिनीवर येतच नाही, जन्मभर पाण्यातच राहतो. सोळा ते अठरा अंश त्याला बरं, वीस म्हणजे वरची हद्द. मी थर्मामीटर बादलीत सोडला. पाणी एकोणीसवर स्थिरावलं.

दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. परत न्यायला कुणी आलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

मालकांच्या घरून काचेची टाकी आली. मी तिच्या तळाशी बारीक धुतलेली वाळू घातली, कारण खडे असले तर तो ते गिळतो आणि मरतो, असं वाचलं होतं. लपायला प्लंबरकडून जाड पाइपाचा तुकडा आणला. सकाळी आल्यावर आधी टाकीतलं तापमान वहीत लिहायचं आणि मग मशीन सुरू करायचं, अशी सवय लागली. कामात असताना कधी मान वर केली तर तो काचेशी येऊन माझ्याकडे तोंड करून थांबलेला असायचा. तो मला ओळखत नसणार, खाणं देणाऱ्या सावलीला ओळखत असेल. तरी मला ते आवडायचं.

खाण्याचं मात्र अवघड होतं. मालकांकडून आलेल्या खाद्याच्या गोळ्या तो तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. दोन आठवड्यांत त्याचं पोट डोक्यापेक्षा बारीक दिसायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी म्हशी आणि कुत्र्यांपलीकडचं मला विचारू नका असं प्रामाणिकपणे सांगितलं. वाचावं तिथं एकच उत्तर होतं. गांडूळ.

आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी प्यायलं नाही. आई विहिरीचं पाणी दुहेरी कापडानं गाळायची आणि मग ते कापड उलटं करून, कापडात राहिलेले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा विहिरीत सोडायची. कंदमुळं उपटताना जीव मरतात म्हणून आमच्यात बटाटासुद्धा नाही. आणि मी आता गांडुळं कुठं मिळतील याचा विचार करत होते.

ती मला मामांनी आणून दिली.

मामा म्हणजे फाउंड्रीतले जुने मोल्डर. वाळूचे साचे करण्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. जांबोटीच्या पलीकडे डोंगरात त्यांचं गाव. आठवडाभर ते उद्यमबागेत चौघांत खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारच्या बसनं गावी जायचे. कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणत, मीही तेच म्हणायचे. नवीन साच्यातला पहिला भाग मापायला ते स्वतः घेऊन यायचे आणि निकाल लागेपर्यंत खिडकीशी थांबायचे. एका सोमवारी मी कागद लिहीत असताना त्यांची नजर टाकीवर गेली.

"ह्ये काय, मॅडम? पाल हाय का मासा?"

मी सांगितलं. खात नाही, तेही सांगितलं आणि गांडुळाचंही सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांत त्या खिडकीतून मी कुणाशी इतकं बोलले नव्हते.

"हात्तिच्या," मामा म्हणाले. "आमच्या भाताच्या बांधाला हात घातला की मूठभर निघत्यात. पुढच्या सोमवारी आणतो."

सोमवारी त्यांनी खिडकीतून केळीच्या पानाची ओलसर पुडी आत सरकवली. पहिल्या दिवशी मी चिमट्यानं एक गांडूळ उचललं, मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला आणि पाण्यात धरलं. त्यानं ते एका झटक्यात आत ओढलं. मी चिमटा दोनदा धुऊन ठेवला. मग रोजच तसं करू लागले. आधी णमोकार, मग गांडूळ. असं काही महिने चाललं, आणि एके दिवशी संध्याकाळी घरी जाताना लक्षात आलं की मी आठवडाभर णमोकार म्हटलाच नव्हता. त्या दिवशी मला स्वतःबद्दल बरं वाटलं नाही.

त्याला सोबत हवी, हा विचार माझ्या डोक्यात कधी शिरला ते सांगता येणार नाही. जोडीतला एक मेलेला, हा एकटाच उरलेला, हे मालकांचं वाक्य मनात राहिलं असावं. शनिवारी दुपारी मी कुलूप लावून निघायचे, तेव्हा सोमवार सकाळपर्यंत त्या खोलीत पाण्याच्या पंपाशिवाय काही हलणार नाही हे मला ठाऊक असायचं. माझाही रविवार तसाच जायचा. म्हणूनही असेल.

मासे विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "थंड पाण्यात गोल्डफिश बेस्ट, मॅडम. दोन टाका, मजेत राहतात." मी दोन आणले. चार दिवस खरंच छान दिसलं, पांढऱ्याभोवती दोन केशरी ठिपके फिरताना. पाचव्या दिवशी कल्ल्यांच्या पिसांची टोकं झडल्यासारखी दिसली. मी भिंग घेऊन बसले. गोल्डफिश मधूनच येऊन त्या हलणाऱ्या तांबड्या धाग्यांना किडे समजून टोचत होते, आणि तो बिचारा नुसता मान वळवत होता. त्याच दिवशी मी ते मासे परत केले. दुकानदारानं घेतले, पण म्हणाला, "तुमचंच जनावर विचित्र आहे."

मग मी नीट वाचायला लागले. आधी वाचायला हवं होतं. लहान मासे ठेवले तर हा त्यांना खातो, मोठे ठेवले तर ते ह्याचे कल्ले कुरतडतात. काटे असलेले मासे गिळताना घशात अडकतात. छोटी गोगलगाय गिळली तर कवच पोटात बसतं, मोठी गोगलगाय ह्याच्या अंगावरचा चिकट थर खरवडते. कासव तर नकोच. शेवटी सगळे एकच सांगत होते, की ह्याच्या जवळ ठेवायचं तर ह्याच्याच जातीचं, ह्याच्याच मापाचं ठेवा, नाहीतर कुणीच ठेवू नका. एकटं राहण्याचं त्याला काही वाटत नाही, असंही लिहिलेलं असायचं. ते वाक्य मी दर वेळी भरभर वाचून पुढे जायचे.

पावसाळ्यात मामांनी विचारलं, "मग झिंगे चालतील का? आमच्या ओढ्याला बारीक बारीक हायत. लई चपळ असत्यात, ह्येच्या तावडीत काय घावायचे न्हाईत."

मी वाचलेलं सगळं बाजूला ठेवून हो म्हणाले. मामांनी एवढ्या लांबून डब्यात पाणी घालून, मांडीवर धरून आणलेले सात झिंगे. काचेसारखे आरपार, आत काळा दोरा दिसणारे. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून ते चार दिवस बादलीत ठेवले आणि शुक्रवारी दुपारी टाकीत सोडले. तो पाइपात झोपला होता. झिंगे वाळूवर पसरले, मिशा हलवत काहीतरी वेचायला लागले. त्या दिवशी मी कितीतरी वेळा खुर्ची वळवून बघितलं असेल.

शनिवारी सकाळी एकही नव्हता. मी पाइप उचलून पाहिला, कोपरे पाहिले, पंपामागे पाहिलं. एक मिशी तेवढी पाण्यावर तरंगत होती. तो नेहमीच्या जागी, नेहमीच्या चेहऱ्यानं बसला होता.

गांडुळांचं मी मनाशी कसंबसं जुळवून घेतलं होतं, की ते त्याचं अन्न आहे. हे सात मात्र मी सोबत म्हणून आत सोडले होते. मी त्या दिवशी उपवास केला आणि दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन बसले. आमच्यात देवळाला बस्ती म्हणतात. तिथं कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं आणि सांगण्यासारखी ती गोष्टही नव्हती. सोमवारी मामांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "हायत का ओ?"

"नाहीत," मी म्हणाले.

मामांनी हातातला भाग खिडकीत ठेवला. "चूक माझी हाय, मॅडम."

"माझीच आहे. मला माहीत होतं."

जानेवारीत धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. एरवी तो सणालाच करतो. "आक्का, तू कसलं त्ये पांढरं जनावर पाळलंयस म्हणालतीस न्हवं? इथं आमच्या वळखीच्या एका घरात तसलंच हाय बघ. पोरगं हॉस्टेलला गेलं, आता बघायला कोण न्हाय. देतो म्हणत्यात."

मी त्या रविवारी सकाळची बस धरली. बरोबर थर्माकोलचा डबा आणि त्यात गार पाण्याच्या बाटल्या. आधी भावाकडे गेले. वहिनीनं चहा दिला, पोहे दिले, "आलात ते बरं झालं" असं दोनदा म्हणाली. आईची खोली उघडी दिसली म्हणून आत डोकावले, तर तिथं खताची पोती होती. साहजिक आहे, आई माझ्याकडे आल्यापासून ती खोली कुणी वापरलीच नव्हती. भाऊ म्हणाला, "राहतीस का आज?" मी म्हणाले, "जनावर घेऊन जायचंय, निघायला हवं." त्यानं पुन्हा आग्रह केला नाही.

मग त्या ओळखीच्या घरी गेले. नवा प्राणी करड्या रंगाचा, अंगावर काळे शिंतोडे. मी तो डबा मांडीवर घेऊन बेळगावला आले. बसमध्ये शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, काय आहे. मी म्हणाले, औषध आहे.

या वेळी मी काहीही चुकू द्यायचं नाही असं ठरवलं. करड्याला महिनाभर वेगळ्या टबात ठेवला, कारण बाहेरून आलेला रोग आणू शकतो. शेपटीच्या मुळाशी फुगवटा पाहून दोघेही नर आहेत याची खात्री केली. नर-मादी असते तर अंड्यांवर अंडी घालून मादी खंगली असती. मग काचेला पोलादी पट्टी लावून लांबी मापली. पांढरा दोनशे अठरा मिलिमीटर, करडा एकशे शहात्तर. बेचाळीसचा फरक फार. टूलरूममधून मी भोकं पाडलेली प्लास्टिकची आडवी भिंत करून घेतली आणि टाकीचे दोन भाग केले. एकीकडे पांढरा, दुसरीकडे करडा. पाणी एकच, तापमान एकच. दर सोमवारी माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. मामा खिडकीशी आले की आधी विचारायचे, "किती झाला?" मी आकडा सांगायचे. त्यांच्या भागाचं माप ते त्यानंतर विचारायचे.

ते सहा महिने माझे बरे गेले. कुणीतरी रोज माझ्याकडून एखादी गोष्ट ऐकायला थांबत होतं. मामा तसे अबोलच. पण कधी गावाकडच्या पावसाचं सांगायचे, रानगव्यांनी भात तुडवल्याचं सांगायचे. एकदा म्हणाले, "तुमच्या खोलीत येवढं गार, आन आमच्याकडं तापलेलं लोखंड. मधी येवढीच खिडकी." ते वाक्य मी घरी घेऊन गेले.

जूनअखेर करडा दोनशे दहाला आला. पांढरा दोनशे वीसवर थांबला होता. दहाचा फरक चालतो असं सगळीकडे लिहिलं होतं. एका सोमवारी सकाळी, दोघांनाही पोटभर घालून, मी मधली भिंत काढली. मामा मुद्दाम चहाच्या सुट्टीत आले आणि खिडकीबाहेर उभे राहिले. दोघं हळूहळू एकमेकांकडे चालत आले, तोंडं एकमेकांना लागली, आणि पांढरा वळून पाइपात शिरला. करडा त्याच्या मागे गेला. संपूर्ण दिवस ते त्या पाइपात अंगाला अंग लावून पडून होते.

"जमलं बघा," मामा म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी घरी गेल्यावर ताट घेऊन बसले.

नवव्या दिवशी करड्याचा पुढचा उजवा पाय कोपरापासून नव्हता. रक्त नव्हतं, नुसतं पांढरट टोक. तो तीन पायांवर वाकडा चालत होता. खाणं टाकलं होतं तेव्हा दोघं एकदम धावले असतील आणि पांढऱ्यानं समोर हललं ते पकडलं असेल. त्यांची नजर अधू असते, जे हलतं त्यावर तोंड टाकायचं एवढंच त्यांना कळतं. राग नाही, वैर नाही. मी सगळं मापलं होतं, मिलिमीटरपर्यंत, आणि तरीही हे झालं.

मी करड्याला टबात घेतला आणि खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी तीन भाग मापायचे राहिले, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. मामांनी खिडकी वाजवली. मी टब त्यांना दाखवला.

"पाय परत येतोय म्हणालतासा न्हवं?" मामा म्हणाले.

"येतो. महिना-दोन महिने लागतात."

"मग कशाला रडताय, मॅडम?"

मी रडत होते हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. "ते एकत्र राहतील असं वाटलं होतं," एवढंच म्हणाले.

"ऱ्हातील की. मधी भिंत घालून." ते हसले नाहीत, खरंच उपाय म्हणून सांगत होते.

मी भिंत घातली नाही. मालकांना सांगून दुसरी टाकी मागवली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. पांढरा एकटा व्यवस्थित खात होता. करड्याच्या जखमेतून आधी एक मोड आला, मग त्याला बारीक बोटं फुटली. दोघांच्याही वागण्यात मला कसलाच फरक दिसला नाही. मी शोधत होते, पण नव्हता.

सप्टेंबरात मामा निवृत्त झाले. कँटीनमध्ये निरोप दिला. हार, नारळ, शर्टाचं कापड. मालक बोलले, युनियनवाले बोलले. मामा पांढऱ्या सदऱ्यात, केस तेल लावून चापून बसवलेले, मला ओळखू येईनात. मी त्यांना वाळू लागलेल्या कपड्यांतच पाहिलं होतं, आणि तेही खिडकीच्या चौकटीत, कमरेपासून वर. जाताना माझ्यासमोर थांबून म्हणाले, "या एकदा गावाकडं, मॅडम. गांडुळं तितंच हायत."

त्यांच्यानंतर खिडकीशी येणारी माणसं वस्तू ठेवून निघून जायची. मी गोळ्या भिजवून, चिमट्यानं हलवून दोघांना गोळ्यांची सवय लावली. गांडुळं सुटली याचं समाधान होतं. आई असती तर तिला सांगितलं असतं. मामांच्या फोनला कधी रेंज नसायची. एकदा लागला तेव्हा कुणीतरी बाईनं उचलला आणि मी चुकून लागला म्हणून ठेवला.

नोव्हेंबरात एका रविवारी मी गेले. जांबोटीला उतरून पुढं दीड तास चालत. भात कापणीला आलेलं, वाटेत माणूस नव्हता. घर विचारायला लागलं नाही, मामा अंगणातच होते. कोयती परजत बसलेले. मला बघून आधी उठलेच नाहीत. मग एकदम उठून धोतर सारखं केलं.

"या, या, मॅडम. वाट घावली का?"

त्यांची बायको बाहेर आली, दोन सुना आल्या, मुलगे खळ्यावरून आले. मला घोंगडीवर बसवलं. मामांची बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमीच व्हय त्या? दर शनवारी आलं की ह्येंचं पैलं काम गांडुळं. मी न् सुना दिवेलागणीला बांध उकरत बसायचो. कंपनीत मापाच्या कामाला लागत्यात म्हणून सांगितलंतं ह्येंनी."

मी मामांकडे पाहिलं. ते मान खाजवत खळ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "मापाच्या कामालाच लागायची."

जेवायला भात, वालाची आमटी आणि दही. आमटीत कांदा नव्हता, लसूण नव्हती. मी तोंडात घास घातला तशी थोरली सून म्हणाली, "मामांजींनी मघाशी आत येऊन सांगितलं, कांदा-लसूण घालू नगासा म्हणून." मी त्यांना कधी सांगितलं होतं, आठवेना. खिडकीतून कधीतरी बोलले असेन.

मामांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. कापणीचे दिवस. माणसं येत होती, हाका मारत होती, ते मध्येच उठत होते. त्या घरात त्यांना बघून मला कळलं की ते कधीच एकटे नव्हते. आठवड्यातले सहा दिवस ते घरापासून लांब राहत होते, इतकंच. खिडकीशी थांबायचे ते त्या सहा दिवसांतलं. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या सगळ्या दिवसांत मात्र तेवढंच होतं.

अडीचला निघाले. मामा ओढ्यापर्यंत पोचवायला आले. पाणी ओलांडताना त्यांनी हात पुढं केला, मी धरला आणि पलीकडे सोडला. हाताचा तळवा भाजक्या विटेसारखा खरखरीत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला तो लागला. कुणीतरी खळ्यावरून हाक मारली.

"जावा तुम्ही," मी म्हणाले. "पुढची वाट ठाऊक आहे."

"पुन्हा या मग."

"येते."

मी पुन्हा जाणार नाही हे बहुतेक आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जांबोटीच्या स्टॉपवर तासभर बसले. बस आली ती भरलेली. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्य रुपयाचं तिकीट दिलं आणि कानडीत मागं सरकायला सांगितलं. शेवटून तिसऱ्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईनं पाय आखडून मला जागा दिली. तिच्या पायाशी नाचणीची पिशवी होती. लेकीकडं चाललेय, शहापूरला, एवढं सांगून ती झोपी गेली. घाटाच्या वळणांवर तिचं डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्यावर आलं. केसांना धुराचा वास होता. मी खांदा हलवला नाही. पिरनवाडी गेली, उद्यमबाग गेलं. टिळकवाडीसाठी मला तिसऱ्या रेल्वे गेटला उतरायचं होतं. गेट आलं, बस थांबली, पुढची माणसं उतरली. बाहेर दिवस मावळत होता. मी उतरले नाही, तिची झोप होऊ दिली आणि तशीच बसस्टँडपर्यंत गेले.